यांचा तबलजी कुठंय?

२०१९ च्या सप्टेंबरात आई आमच्याकडे आली होती. आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात. अर्ध्या तासावर रॉली, राज्याची राजधानी. त्या काळी दर वर्षी सप्टेंबर संपता संपता रॉलीत ब्लूग्रास या लोकवळणाच्या अमेरिकी संगीताचा मेळा भरायचा. शुक्रवार-शनिवार शहराचा मुख्य रस्ता गाड्यांना बंद, जागोजागी मंच, तिकीट नाही. आईला म्हटलं, चल, जत्रा बघून येऊ.

पहिल्याच मंचापाशी ती थबकली. वर पाच जण, पाच वाद्यं, आणि गाणं असं सुसाट की मागे पोलीस लागलेत की काय असं वाटावं. दहा मिनिटं तिने मुकाट ऐकलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "यांचा तबलजी आला नाही का गं?"

"यांच्यात नसतोच, आई."

"नसतो? मग ठेका धरलाय कुणी?"

आई डोंबिवलीच्या एका भजनी मंडळात तीसेक वर्षं गातेय. ऐन वेळी तबलजीने दगा देणं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक आहे. तिला तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. पण ब्लूग्रासमध्ये शिरायला तिच्या प्रश्नाहून सरळ वाट मला पुढे सापडली नाही. मंचावर कोण कुठे उभं राहतं, माइक कसे लावतात, दहा हजारांच्या सभागृहात हे संगीत कसं पोचवतात, कुठे फसतं, सगळं फिरून त्याच प्रश्नापाशी येतं.

ठेका वाटून घेतलेला

ब्लूग्रासचा ठरलेला ताफा म्हणजे गिटार, पाच तारांचा बँजो, मँडोलिन, फिडल (आपलं व्हायोलिनच, फक्त वळण वेगळं) आणि माणसाहून उंच असा उभा बेस. कधी सोबतीला डोब्रो, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून धातूच्या कांडीने वाजवायची गिटार. ही सगळी वाद्यं विजेविना वाजणारी. ड्रम नाहीत.

आता चार मात्रा मोजा. एक आणि तीनवर बेसवाला जाड तार बोटाने ओढतो, धुम्. दोन आणि चारवर मँडोलिनवाला सगळ्या तारांवर एक फटकारा मारतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं ढिली सोडतो. सूर जन्मतो तोच मरतो, उरतो नुसता 'चक्'. याला 'चॉप' म्हणतात. धुम्-चक्, धुम्-चक्. ड्रमवाल्याचा पाय बेसकडे गेला आणि हात मँडोलिनकडे. मधल्या फटी गिटार भरते.

पण मँडोलिनवाल्याची एकट्याने वाजवायची पाळी आली की? या पाळीला 'ब्रेक' म्हणतात आणि ती सगळ्यांना मिळते. त्या वेळी चॉप फिडलवाला उचलतो. गजाची टाच तारांवर आपटून तसाच कोरडा ठोका काढतो. फिडलवाल्याचा ब्रेक सुरू झाला की चॉप परत मँडोलिनकडे. भजनात मृदंगवाला रंगात येऊन बोल काढायला लागला की टाळकरी लय घट्ट धरून बसतात, तसंच हे, फक्त इथे टाळ दर अर्ध्या मिनिटाला दुसऱ्याच्या हातात जातो. आईला उत्तर द्यायचं तर ठेका कुणाचाच नाही, आणि म्हणून एकाने जरी डुलकी काढली तरी सगळ्यांचा जातो.

वेग किती? चपळ गत मिनिटाला दीडशे मात्रांच्या आसपास धावते आणि प्रत्येक मात्रेत चार स्वर बसतात. म्हणजे सेकंदाला दहा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या धांदलीत बँजो काय करतो ते सर्वांत सुंदर आहे. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पुढच्या दोन बोटांत नख्या. ही तीन बोटं आळीपाळीने तारा छेडतात आणि आठ स्वरांचा गट तीन-तीन-दोन असा पडतो. तकिट, तकिट, तक. खाली धुम्-चक् सरळ दोन-दोनच्या चालीने चाललंय, वर हे तीन-तीन-दोन. दोघांचं घर्षण होतं, आणि ऐकणाऱ्याला नकळत पाय हलवावासा वाटतो तो त्यामुळेच. बँजोची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्यावर. ती एकच उंच स्वर धरून मध्ये मध्ये किणकिणत राहते, सतारीच्या चिकारीसारखी.

मन्रोचा तंबू

या संगीताचं नाव एका बँडवरून पडलं. केंटकी राज्याला 'ब्लूग्रास स्टेट' म्हणतात. तिथल्या रोझिन गावचा बिल मन्रो मँडोलिन वाजवायचा आणि आपल्या साथीदारांना त्याने 'ब्लू ग्रास बॉइज' नाव दिलं होतं. १९३९ मध्ये तो टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज नावाचा विशीतला पोरगा बँजो घेऊन त्याच्या बँडमध्ये आला. वर सांगितलेली तीन बोटांची चाल घरोघर पोचवली ती त्याने. लेस्टर फ्लॅट गिटारवर आणि गायला होताच. आज 'ब्लूग्रास' म्हटल्यावर जे कानात वाजतं ते त्या ताफ्याने घडवलं. स्क्रग्ज आणि फ्लॅट १९४८ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा बँड काढला. फड फुटला की दोन फड होतात, हे आपल्याला नवं नाही.

शुद्ध पहाडी गोऱ्यांचं संगीत अशी ब्लूग्रासची ओळख करून दिली जाते, ती अर्धवट आहे. बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. गुलाम करून आणलेल्या माणसांनी ते वाद्य अमेरिकेत पुन्हा घडवलं. फिडलच्या गती स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्यांच्या, मँडोलिन इटलीचं. डोब्रो डोपेरा नावाच्या स्लोव्हाक भावांची, आणि ती मांडीवर ठेवून वाजवायची रीत हवाईची. खुद्द मन्रोवर लहानपणी छाप पडली ती आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटारवादकाची. हा विसरलेला धागा रियानन गिडन्सने आमच्याच राज्यात नव्याने विणला. ती आणि तिचे साथीदार जो थॉम्पसन या वयोवृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकाच्या घरी जाऊन गती शिकले, त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँड उभा राहिला आणि त्यांना २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं.

दौऱ्याचं म्हणाल तर तो पहिल्यापासून या संगीताच्या रक्तात आहे. मन्रो १९४० च्या दशकात स्वतःचा तंबू घेऊन गावोगाव फिरायचा. सोबत बेसबॉलचा संघही असायचा. दुपारी गावच्या पोरांशी सामना, संध्याकाळी तंबूत गाणं. कितीही लांब गेलं तरी शनिवारी रात्री ऑप्रीसाठी नॅशव्हिलला परत हजर. राहुट्या ठोकत जत्रेमागून जत्रा गाठणारा आपला तमाशाचा फड त्याला पाहून ओळखीचं हसला असता.

आणि अमेरिकाना?

ब्लूग्रासच्या जोडीने 'अमेरिकाना' हे नाव हमखास कानावर येतं. दोन्हींत फरक काय ते थोडक्यात सांगते, कारण अमेरिकेतले जाणकारही यावर तासन् तास वाद घालतात आणि हाती फारसं लागत नाही. ब्लूग्रास हा राग समजा. त्याची चलन ठरलेली, वाद्यं ठरलेली, काय चालतं आणि काय चालत नाही यावर नाकं मुरडणारे बुजुर्ग हजर. अमेरिकाना हा थाट. कंट्री, ब्लूज, लोकगीतं, गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं), जुनं रॉक, सगळ्यांना पोटात घेणारा. त्यात ड्रम चालतात, विजेची गिटार चालते. अमेरिकाना म्युझिक असोसिएशन स्थापन झाली १९९९ मध्ये, आणि ग्रॅमीत या नावाचा वेगळा पुरस्कार आला २०१० मध्ये, म्हणजे नाव तसं कोवळं आहे. बाजाराला फडताळावर लावायला चिठ्ठी हवी होती, ती मिळाली, असं माझं मत. पण त्या चिठ्ठीमुळे सिएरा फेरेलसारखी, वाटेत भेटेल ते सूर गोळा करत आलेली गायिका २०२५ मध्ये एका रात्रीत चार ग्रॅमी घेऊन जाते, तेव्हा तक्रारीला जागा राहत नाही.

एक माइक, पाच माणसं

जुन्या काळी रेडिओच्या स्टुडिओत माइक एकच. पाचही जण त्याभोवती अर्धवर्तुळात. मग आवाजाचा तोल कोण राखणार? ते काम पायांनी व्हायचं. ध्वनीचा नियम साधा आहे. माइकपासूनचं अंतर निम्मं केलं की त्याला पोचणारा दाब दुप्पट होतो. म्हणून ज्याचा ब्रेक तो दोन पावलं पुढे, संपला की बाजूला. गायकाने ओळ सोडली की बँजोवाला त्याच्या खांद्याखालून आत घुसतो, फिडलवाला गज उंच धरून मागे सरकतो, कुणाचा कोपरा कुणाच्या डोळ्यात जात नाही. ध्रुवपदाला तीन डोकी एकदम माइकशी चिकटतात आणि मुख्य सुराच्या वर तो चिरत जाणारा उंच टिपेचा आवाज लागतो. डेल मॅककोरी हा गायक १९६३ मध्ये मन्रोच्या बँडमध्ये होता. पुढे मुलांना घेऊन त्याने स्वतःचा बँड केला आणि एका माइकभोवतीची ही जुनी फेर धरण्याची पद्धत पुन्हा लोकांपुढे आणली. रॉलीच्या रस्त्यावर आईने पाहिलेला बँडही असाच वाजवत होता. "फुगडीच चाललीय," ती म्हणाली. तिला गाण्यापेक्षा तेच जास्त आवडलं असावं.

पण संवेदनशील माइकला जे समोर येईल ते सगळं ऐकू जातं, स्वतःच्या भोंग्यातून परत आलेला आवाजसुद्धा. लग्नाच्या हॉलमध्ये माइक अचानक 'कूंऽऽई' करतो, तेच. भोंग्यातला आवाज माइकमध्ये, तिथून पुन्हा भोंग्यात, दर फेरीला वाढत वाढत किंकाळी. लाकडी वाद्यांत हा त्रास दुप्पट. गिटार म्हणजे पोकळ पेटीच, खर्जाचा आवाज लागला की ती स्वतः घुमायला लागते. तीनशे माणसांच्या दालनात एक माइक पुरतो, दहा हजारांच्या बंदिस्त स्टेडियमात नाही. आवाज तेवढा वाढवायला गेलं की पाचही पेट्या कोकलायला लागतात.

यावरचा एक उपाय म्हणजे पिकअप. वाद्याच्या घोडीखाली बसवलेली बारीकशी पट्टी लाकडाची थरथर थेट विजेत बदलते. हवेतून येणारा आवाज तिला जवळपास ऐकूच जात नाही, म्हणून किंकाळी कमी. तोटा असा की नुसत्या पिकअपचा आवाज रबरी, चेपलेला येतो, वाद्याची हवा त्यात नसते. मग वाद्याला चिकटवलेला चिमुकला माइक आणि पिकअप यांचं मिश्रण करतात. गिटारच्या पोटाच्या गोल भोकावर रबरी झाकण बसवतात. कलाकारांना त्यांचाच आवाज ऐकवणारे भोंगे मंचावरून हलवून तो आवाज थेट कानातल्या बोंडांत देतात. हे सगळं जमवणारा ध्वनियंत्रणेचा माणूस म्हणजे बँडचा न दिसणारा सहावा सदस्य. तो रुसला तर गाणं संपलं.

आता तो सेकंदाला दहा स्वरांचा आकडा काढा. एक स्वर म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मोठ्या मंचाच्या एका टोकाला बेसवाला आणि बारा मीटरवर दुसऱ्या टोकाला बँजोवाला उभा केला, तर बेसचा ठोका बँजोवाल्याच्या कानी पोचायला सेकंदाचे ३५ सहस्रांश लागतात. म्हणजे स्वराच्या एक तृतीयांश उशीर. ड्रमवाला असता तर सगळे त्याच्या मागे गेले असते. इथे प्रत्येक जण दुसऱ्याला ऐकून चाललाय, तेव्हा उशिरावर उशीर चढतो आणि गाडी डगमगते. कानातल्या बोंडांनी हे बरंचसं मिटलं, तारेतून आवाज तत्काळ येतो. तरीही कुठल्याही मोठ्या मैफलीचं चित्रण लावून बघा. एवढा अवाढव्य मंच, दिव्यांची रोषणाई, आणि पाच माणसं मधोमध एकमेकांना खेटून उभी. सवय आहेच, शिवाय त्यांना एकमेकांचे हात दिसायला हवे असतात.

रोज नवी यादी

हे स्टेडियमचं प्रकरण आज ज्याच्या नावाशी जोडलेलं आहे तो बिली स्ट्रिंग्ज. जन्म १९९२, मिशिगनचा. लहानपणी घरात सावत्र वडिलांच्या गिटारवर ब्लूग्रास, पौगंडात मित्रांबरोबर हेवी मेटल. दोन्ही संस्कार त्याच्या वाजवण्यात दिसतात. त्याच्या बँडमध्ये गिटार, बँजो, मँडोलिन, फिडल, बेस, बस्स. ड्रम आजही नाहीत. पण गिटार आवाज बदलणाऱ्या, पायाखालच्या इलेक्ट्रॉनिक खटक्यांतून जाते, आणि तीन मिनिटांचं जुनं गाणं पंधरा मिनिटं पसरतं. लय सुटते, सूर धुक्यासारखे विरतात, आता हे परत कसे येणार असं वाटत असतानाच मँडोलिनचा 'चक्' ऐकू येतो आणि सगळे समेवर. आलाप-तानांवर वाढलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय रोज गाण्यांची यादी वेगळी. काल वाजवलेलं आज बहुधा नाही. त्यामुळे लोक एका कार्यक्रमावर थांबत नाहीत, बँडच्या मागोमाग गावं फिरतात. ही रीत ब्लूग्रासची नाही, ग्रेटफुल डेड या रॉक बँडची. त्यांनी प्रेक्षकांना कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायला मुभा दिली होती आणि १९८४ पासून त्या मंडळींसाठी बसायची वेगळी जागाच ठेवली. फुकट वाटलेल्या फितींनी त्यांचा प्रेक्षक वाढला, घटला नाही. त्या बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया त्याआधी ब्लूग्रासचा बँजो वाजवायचा, म्हणजे उसनं घेतलेलं घरच्याच माणसाकडून. या पिढीचे बरेचसे ब्लूग्रास बँड तसंच करतात. स्ट्रिंग्जला २०२५ चा ब्लूग्रासचा ग्रॅमी मिळाला तोही प्रत्यक्ष कार्यक्रमांतल्या मुद्रणांच्या अल्बमला.

सगळेच या वाटेने जात नाहीत. मॉली टटल गिटारवर कुणाला ऐकत नाही. २०१७ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम ब्लूग्रास गिटारवादकाचा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्याकडे गाणं नेटकं, नेमकं. मँडोलिनवादक क्रिस थिलीचा बँड 'पंच ब्रदर्स', ते तर पाच वाद्यांत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची बांधणी करतात, आणि त्यांच्या काही मैफलींत प्रेक्षक टाळी कुठे द्यावी या संभ्रमात असतात. बुजुर्ग दोघांवरही कुरकुरतात. मन्रोवरही त्याच्या काळी कुरकुरलेच असतील.

नाईट आणि टी-शर्ट

मराठी नाटकवाल्यांना हा भाग सांगावा लागणार नाही. बस, मुक्काम, कंत्राटदार, नाईट, सगळं तेच आहे.

नवा बँड व्हॅनमधून फिरतो. पाच माणसं, पाच वाद्यं, मागे सामान, आळीपाळीने गाडी चालवायची. दुपारी पोचायचं, सामान उतरवायचं, आवाज तपासायचा, रात्री वाजवायचं, पुन्हा सामान भरायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. नाव झालं की झोपायच्या कप्प्यांची बस येते, मग रात्रीचा प्रवास चालक करतो आणि कलाकार झोपतात. मोबदल्याच्या दोन रीती. एक तर ठरलेली रक्कम, गर्दी होवो न होवो. नाहीतर तिकीटविक्रीत टक्केवारी. बऱ्याचदा दोहोंचा मेळ घालतात, अमुक रक्कम नक्की आणि वर गल्ला गेला तर वाटा. त्यातून एजंट, व्यवस्थापक, ध्वनियंत्रणेचा माणूस, डिझेल आणि जेवण.

म्हणून दाराशी टी-शर्ट आणि रेकॉर्डचं टेबल. इंटरनेटवर गाणं एकदा ऐकलं गेलं तर एक सेंटसुद्धा मिळत नाही. तिथे एक टी-शर्ट विकला गेला तर हातात नोटा पडतात. त्यातही पुष्कळ सभागृहं विक्रीतला हिस्सा कापून घेतात. यावर कलाकारांची ओरड जुनी. २०२३ मध्ये 'लाइव्ह नेशन' या बड्या कंपनीने आपल्या लहान क्लबांपुरती ही कपात थांबवली. मी आता कार्यक्रमाला गेले की टी-शर्ट घेतेच. कपाटात जागा उरलेली नाही.

दौऱ्यावरचं आणखी एक पात्र म्हणजे हवा. ही वाद्यं अस्सल लाकडाची, आणि लाकूड श्वास घेतं. आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास असली की ते खूश. हिवाळ्यात बसमधला हीटर किंवा कॉलोराडोची कोरडी हवा लागली की पातळ फळी आक्रसते आणि तडकते. लुइझियानाच्या दमट उन्हाळ्यात तीच फुगते, तारा वर उचलल्या जातात, बोटं सोलवटतात. म्हणून प्रत्येक पेटीत ओलावा राखणारी पुडी असते. विमानाने जायचं तर वेगळी धाकधूक. २०१२ च्या एका अमेरिकी कायद्याने गिटार-व्हायोलिनएवढं वाद्य जागा असल्यास केबिनमध्ये नेऊ देणं विमान कंपन्यांना बंधनकारक झालं. बेस मात्र कुठल्याच कप्प्यात मावत नाही. काही जण मान वेगळी करता येईल असा बेस बनवून घेतात, काही जण त्या गावी भाड्याने घेतात.

लाकडावरून एक आठवलं. ब्लूग्रासची लाडकी गिटार म्हणजे मार्टिन कंपनीची 'डी-२८'. हिची पाठ आणि बाजू पूर्वी ब्राझीलच्या रोझवुडच्या असत. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर १९६० च्या दशकाअखेरीस कंपनी भारतीय रोझवुडकडे वळली. भारतीय रोझवुड म्हणजे आपली शिसवी. सह्याद्रीत उगवते तीच जात. माझ्या आजोळी शिसवीचा पलंग होता, हात फिरवला की थंडगार, जांभळट काळा. इथल्या एका दुकानात डी-२८ उलटी धरून पाहिली तेव्हा मी दुकानदारासमोरच तिची पाठ कुरवाळत बसले. त्याला वाटलं, बाई विकत घेणार.

ताडपत्री आणि उचललेला पाय

उन्हाळा म्हणजे उत्सवांचा मोसम. एकाहून जास्त दिवस चालणारा पहिला ब्लूग्रास उत्सव १९६५ मध्ये व्हर्जिनियातल्या फिनकॅसलला कार्लटन हेनीने भरवला. आज असे शेकडो आहेत. कॉलोराडोत डोंगरांच्या कुशीत, सुमारे पावणेनऊ हजार फुटांवर, जूनमध्ये टेल्युराइडचा उत्सव होतो, १९७० च्या दशकापासून. तिथे सकाळी दार उघडलं की हातात गुंडाळलेली ताडपत्री घेऊन माणसं मंचाकडे धाव घेतात, पुढची जागा धरायला. डॉक्टर, वकील, आजोबा, सगळे पळतात. मुंबईच्या लोकलमध्ये रुमाल टाकणाऱ्या माणसाला यांचं काही वावगं वाटणार नाही.

पण खरा उत्सव मंचापासून दूर, तंबूंच्या आणि गाड्यांच्या तळावर असतो. रात्री तिथे अनोळखी माणसं वर्तुळात उभी राहून वाजवतात. एक जण गत आणि स्वर सांगतो. बाकीच्यांना ती येत असते, कारण शे-दोनशे गती या पंथात सगळ्यांना येतात, आपल्याकडे अभंग येतात तशा. पाळी डोळ्यांनी नाहीतर मानेच्या इशाऱ्याने देतात. नको असेल तर मान हलवायची, कुणी रागावत नाही. आणि गत संपवायची खूण म्हणजे म्होरक्या एक पाय गुडघ्यातून उचलतो. दोन्ही हात गुंतलेले, तोंड गाण्यात, मग उरलं काय? पाय वर गेला की हे शेवटचं आवर्तन.

रॉलीत त्या शनिवारी एका हॉटेलच्या दारातच असं वर्तुळ जमलं होतं. आई कठड्यावर बसून टाळी धरू लागली. तिची टाळी एकवर, म्हणजे समेवर, बेसबरोबर. आसपासचे अमेरिकन दोन आणि चारवर, चॉपबरोबर. बेसवाला म्हातारा तिच्याकडे बघून हसला आणि तिच्या टाळीबरोबर धुम् जरा ठसक्यात द्यायला लागला. परतीच्या वाटेवर तिने निकाल दिला, "बरं वाजवतात. पण तबलजी हवा होता."

तबलजी आला तेव्हा

तो खरं तर आधीच आला होता. माहीममध्ये वाढलेले उस्ताद झाकिर हुसेन, बँजोवादक बेला फ्लेक आणि बेसवादक एडगर मायर या तिघांनी नॅशव्हिलच्या सिंफनीसाठी रचना केली होती आणि २००९ मध्ये त्यांचा अल्बमही आला. बेला फ्लेक मूळचा ब्लूग्रासचा, पण त्याने बँजो जॅझपासून आफ्रिकेपर्यंत फिरवून आणला. २०२३ मध्ये राकेश चौरसियांची बासरी सोबत घेऊन या मंडळींनी 'ॲज वी स्पीक' हा अल्बम काढला आणि दौरा केला. २०२४ मध्ये त्यांना दोन ग्रॅमी मिळाले.

ऐकताना मला कळलं ते असं. बँजोचा स्वर लगेच विझतो, तबल्याच्या चाटेचा बोलही. दोघांनाही सलगपणा हवा तर भराभर बोल पेरावे लागतात. त्यामुळे तकिट-तकिट-तक इकडून आणि तिकडून एकाच मातीचं वाटतं, कुणी कुणाच्या घरी पाहुणा वाटत नाही. मात्र ठेका तिथेही एकट्या तबल्याकडे नसतो. तो बेसकडे जातो, बँजोकडे जातो, झाकिरभाई बायाँवर नुसता घुमारा देत हसत बसतात. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा फोनवर बोलताना आईने तोच अल्बम लावून ठेवला होता, मागे ऐकू येत होता.

रॉलीचा तो मेळा आता तिथे भरत नाही. आयोजक संस्थेने २०२५ पासून तो टेनेसीतल्या चॅटनूगाला नेला. मागच्या महिन्यात आईने विचारलं, "त्या बिनतबल्याच्या मंडळींचं काय चाललंय?" म्हटलं, त्यांनी मुक्काम हलवला, आता सात-आठ तासांचा रस्ता आहे. ती म्हणाली, मग सप्टेंबरातलंच तिकीट काढ, दशम्या मी करते.